कान घेतले, काळीज सोडले

कुठल्याही मोठ्या ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडूला नाव, शस्त्र किंवा कपडे मिळण्याआधी जन्म घ्यावा लागतो. पडद्यावर माणूस, एल्फ, बुटका, मांजरकानी, सिंहमुखी अशा कुळांची रांग उभी असते आणि त्यांतले एक निवडल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. खेळणारी मुले याला सरळ 'रेस' म्हणतात. या रांगेत सशाच्या कानांचे एक कूळ आता चांगलेच स्थिरावले आहे. 'फायनल फँटसी 14' या जपानी ऑनलाइन गेममधले व्हिएरा हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण, एकमेव मात्र नव्हे. हे पुस्तक त्या कुळाविषयी आहे आणि त्याच्या निमित्ताने सशाविषयी आहे. पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे की गेम रचणाऱ्यांनी सशाचे कान घेतले आणि काळीज सोडून दिले. जे सोडले तेच आपल्याकडच्या कथांनी दोन हजार वर्षे सांभाळले. हे पटायचे तर दोन्हीकडचा माल नीट पाहावा लागतो. अडचण अशी की गेम खेळणाऱ्याला पंचतंत्र आठवत नाही आणि पंचतंत्र वाचलेल्याला गेम म्हणजे वेळेचा नास वाटतो. प्रस्तावनेचे काम या दोघांना एका पंगतीला बसवण्याचे आहे.

रोल-प्लेइंग गेम जन्मला तो टेबलाभोवती. 1974 मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापील नियमपुस्तिकांच्या रूपात आला. फासे, कागद, पेन्सिल आणि चार माणसांचे बोलणे, एवढेच त्याचे साहित्य. एल्फ, बुटके आणि हॉबिट ही कुळे त्याने टॉल्किनच्या कादंबऱ्यांतून जवळजवळ जशीच्या तशी उचलली. कूळ निवडले की काही गुण वाढायचे, काही वाटा बंद व्हायच्या. 1981 च्या बेसिक आवृत्तीत तर एल्फ असणे किंवा बुटका असणे हाच त्या पात्राचा व्यवसाय होता; जन्म आणि काम यांत फरकच ठेवला नव्हता. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रचना फारशी अनोळखी वाटू नये. याच मुळाशी ससाही दडलेला आहे. टॉल्किनच्या 1937 च्या 'द हॉबिट'मध्ये बिल्बो या हॉबिट नायकाला वेगवेगळी पात्रे सशाची उपमा देतात. त्याने हॉबिट आणि ससा यांचा संबंध पुढे नाकारला, पण बिळासारख्या घरात राहणारा, खाण्यावर प्रेम करणारा, पळून जावेसे वाटणारा आणि तरी ऐनवेळी अकलेने तरून जाणारा हा छोटा जीव पाहिला की लेखकाच्या नकारावर पूर्ण विश्वास बसत नाही.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'नंतर दोनच वर्षांनी, 1976 मध्ये, डेनिस सस्टारे आणि स्कॉट रॉबिन्सन यांचा 'बनीज अँड बरोज' प्रसिद्ध झाला. रिचर्ड अ‍ॅडम्स यांची 'वॉटरशिप डाउन' ही सशांची कादंबरी 1972 ची. तिच्या प्रेरणेने केलेल्या या खेळात खेळाडू खरोखरचा ससा होतो. दोन पायांवर चालणारा, तलवार बाळगणारा ससा नाही. गवतात राहणारा, कोल्ह्याला आणि माणसाला भिणारा ससा. मानवी आकार नसलेले पात्र खेळायला देणारा पहिला रोल-प्लेइंग गेम म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्याच्या नियमांत ताकदीबरोबर वासाची शक्ती हाही गुण मोजला जाई आणि व्यवसायांच्या यादीत योद्ध्याच्या जोडीला धावणारा, वनौषधी जाणणारा, भविष्य पाहणारा आणि गोष्टी सांगणारा असे ससे होते. समोरचा प्राणी जवळजवळ नेहमी तुमच्याहून मोठा. त्यामुळे लढणे हा शेवटचा उपाय; आधी हुंगायचे, ऐकायचे, वाट शोधायची, फसवायचे, पळायचे. ज्या काळात बहुतेक खेळ राक्षस मारून खजिना लुटण्यात गुंग होते, त्या काळात दोन माणसांनी भीतीचा नियम बसवला, आणि तो चालला. पुढे 1992 मध्ये 'गर्प्स' या नियमपद्धतीत त्याची नवी आवृत्ती निघाली, 2015 मध्ये 'द वॉरन' हा त्याच जातकुळीचा छोटा खेळ आला. पण हा प्रवाह टेबलापुरताच राहिला. संगणकावर जाताना ससा बदलला.

कसा बदलला, हे समजायला संगणकावर कुळाचे काय झाले ते पाहावे लागते. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात 1978 मध्ये सुरू झालेला 'मड' हा निव्वळ अक्षरांचा खेळ होता. 1997 चा 'अल्टिमा ऑनलाइन', 1999 चा 'एव्हरक्वेस्ट', 2004 चा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' असे टप्पे पार करत हे जग चित्रमय झाले आणि हजारो अनोळखी माणसे एकाच सर्व्हरवर वावरू लागली. इतक्या लोकांत एका कुळाचा योद्धा दुसऱ्यापेक्षा जन्मतःच सरस ठरला तर सगळे तेच कूळ घेतात, बाकीची ओस पडतात. म्हणून आकड्यांतला फरक हळूहळू घासला गेला. 'फायनल फँटसी 14' मध्ये कुळांच्या सुरुवातीच्या गुणांत जो फरक आहे तो पुढच्या लेव्हलला जाणवतही नाही. कंटाळा आला तर 'फँटेशिया' नावाचे औषध घेऊन कूळच बदलता येते, आणि ते औषध विकतही मिळते. म्हणजे जन्म हा आता नशिबाचा भाग राहिलेला नाही. तो पोशाख झाला आहे. समतेच्या बाजूने पाहिले तर ही प्रगती मानावी लागेल. पण तिची किंमत अशी की कुळाने मिळणारा अनुभवही पोशाखाइतकाच पातळ झाला. सशाचे कान लावा की शिंगे लावा, कोल्ह्याशी सामना सारखाच होणार.

आज ससावजा पात्रांचे जे प्रकार दिसतात त्यांची ओळख करून द्यायची तर तीन परंपरा मानता येतील, जरी त्यांच्या सीमा जागोजागी सरमिसळ झालेल्या आहेत. सशाला ससाच ठेवणारी परंपरा वर आलीच. दुसरी सशाच्या अंगात माणसाचा व्यवहार भरते. स्टॅन साकाई यांचा 1984 पासून चालत आलेला कॉमिकमधला सामुराई ससा 'उसागी योजिम्बो' हा तिचा मानबिंदू, आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये 2021 च्या 'द वाइल्ड बियॉंड द विचलाइट' या पुस्तकातून आलेले हॅरेनगॉन हे तिचे खेळण्याजोगे रूप. हॅरेनगॉनला पहिली चाल मिळवण्यात फायदा असतो, तो इतरांना जमणार नाही अशी उडी मारतो आणि फासा थोडक्यात हुकला तर पायांच्या चपळाईने सावरतो. इथे सशाचे काहीतरी नियमात उतरले आहे: दचकणे, उडी, निसटणे. तिसरी परंपरा माणसाच्या, बहुतेकदा बाईच्या, डोक्यावर प्राण्याचे कान बसवते. जपानी चित्रकथांत ती फार जुनी आणि फार लोकप्रिय आहे. ऑनलाइन गेमची बाजारपेठ याच परंपरेने व्यापली आणि व्हिएरा तिथूनच आले.

व्हिएरांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण त्यांच्यात गुण आणि दोष दोन्ही मोठ्या मापाचे आहेत. ते पहिल्यांदा दिसले 2003 च्या 'फायनल फँटसी टॅक्टिक्स अ‍ॅडव्हान्स'मध्ये. 2006 च्या 'फायनल फँटसी 12' मधल्या फ्रान या पात्राने त्यांना चेहरा दिला: उंच, सावळी, मोजके बोलणारी, आपले रान सोडून आलेली. व्हिएरांना अरण्याचा आवाज ऐकू येतो, पण जी बाहेर पडते तिला तो पुढे ऐकू येत नाही, अशी त्या कथेतली कल्पना आहे. कल्पना म्हणून ती सुंदर आहे. कान हे इथे शोभेचे राहत नाहीत. ते जमिनीशी असलेले नाते होतात आणि नाते तुटले की कान असूनही बहिरेपण येते. 'फायनल फँटसी 14' मध्ये हे कूळ खेळाडूंना मिळाले ते 2 जुलै 2019 च्या 'शॅडोब्रिंगर्स' या विस्तारात. त्यांच्या दोन शाखा, उष्ण जंगलातले रावा आणि थंड डोंगराळ रानातले वीना. आयुष्य माणसाच्या कितीतरी पट, गावे बायकांची, आणि पुरुष गावापासून दूर एकेकटे राहून रान राखणारे. सुरुवातीला फक्त स्त्री-पात्रच घेता येत असे. डिसेंबर 2021 मध्ये 'एंडवॉकर' हा पुढचा विस्तार आला तेव्हा पुरुष व्हिएरा मिळाले, आणि त्यासाठी खेळाडूंनी बराच रेटा लावला होता. लांब कानांमुळे कितीतरी शिरस्त्राणे आणि टोप्या या पात्रांच्या डोक्यावर दिसतच नसत, ही तक्रारही बराच काळ गाजली. गमतीची गोष्ट अशी की व्हिएरा असण्याचा एवढाच जाच त्यांच्या खेळाडूंना सोसावा लागला.

आता दोष. हे कूळ रचताना सशाकडे पाहण्याआधी दुसऱ्याच कुठेतरी पाहिले गेले. उंच टाच, तंग पेहराव, डोक्यावर ताठ कान: या चित्राची एक आजी 1960 मध्ये शिकागोत उघडलेल्या प्लेबॉय क्लबमधली वेट्रेस आहे. तिथला सशाचा वेश पुरुषांच्या करमणुकीसाठी बेतलेला होता, आणि तो जपानी चित्रकथांत पोचून इतका रुळला की पुढच्या पिढ्यांना त्याचे मूळ विचारावेसेही वाटले नाही. व्हिएरांच्या कथेत गांभीर्य आहे, स्वाभिमान आहे, हद्दपारीचे दुःख आहे. हे सगळे त्या पोशाखाच्या विरुद्ध ओढत राहते. फ्रानचे पात्र लिहिणाऱ्यांनी ही ओढाताण बऱ्याच अंशी जिंकली असे माझे मत आहे. तरीही एक गोष्ट उरतेच. व्हिएरा शिकार करतात, धनुष्य चालवतात, रानात घुसणाऱ्याला अडवतात. त्यांची शिकार कोणी करत नाही. ज्याला कोणी खायला येत नाही असा ससा ही नवलाची गोष्ट आहे. भारतीय तर्कशास्त्रात असंभवाचे उदाहरण म्हणून सशाचे शिंग पिढ्यान् पिढ्या दिले गेले. निर्भय ससा हे त्या शिंगाचेच भावंड.

खरा ससा कसा असतो, हे पाहायला आम्हाला वर्धा जिल्ह्यात लांब जावे लागत नाही. इथला रानससा काळ्या मानेचा. मानेमागचा काळसर डाग हीच त्याची खूण. सेलू तालुक्यातले बोर अभयारण्य 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले, पण ससा काही जंगलापुरता नाही. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या शेतांत, पडीत जमिनीत, धुऱ्यावरच्या गवतात तो असतो. युरोपातला ससा जमिनीत बिळे खोदून वसाहत करतो. आपला रानससा बीळ खोदत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून तो उघड्यावर बसतो, त्याची पिल्ले केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. घर नाही, कळप नाही, नखे-दात असून नसल्यासारखे. मग उरतात कान, डोक्याच्या दोन्ही बाजूंना बसवलेले आणि जवळजवळ चहूकडचे पाहणारे डोळे, आणि मागचे पाय. कोवळे पीक खातो म्हणून शेतकऱ्याचा त्याच्यावर राग, चवीसाठी शिकाऱ्याचा डोळा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा ठरवली असली तरी ती थांबलेली नाही. आपण ज्याला भित्रेपणा म्हणतो तो खरे तर या प्राण्याचा व्यवसाय आहे. वाघाला प्रकल्प आहे, वाघोबाचे देऊळ आहे. बैलाला पोळा आहे आणि विदर्भात तर लाकडी बैलांचा तान्हा पोळाही आहे. सशाला सण नाही आणि ठाणेही नाही. त्याला फक्त गोष्टी मिळाल्या, आणि त्या मात्र भरपूर मिळाल्या.

पंचतंत्रातल्या दोन गोष्टी सगळ्यांना पाठ असतात, पण त्या एकत्र ठेवून क्वचितच वाचल्या जातात. पहिलीत रोज एक प्राणी खाणाऱ्या सिंहाकडे ससा मुद्दाम उशिरा जातो आणि विहिरीतले त्याचेच प्रतिबिंब त्याला शत्रू म्हणून दाखवतो. दुसरीत पाण्याच्या शोधात आलेल्या हत्तींच्या पायाखाली सशांची वस्ती चिरडली जाते, तेव्हा एक ससा चंद्राचा दूत बनून हत्तींच्या राजाला तळ्यात थरथरणारा चंद्र दाखवतो आणि देव रागावलाय असे सांगतो. दोन्हीकडे पाणी, प्रतिबिंब, आणि बळकटाला त्याच्याच नजरेने हरवणे. ससा स्वतः कोणाला मारत नाही. तो मोठ्या जनावराच्या डोक्यात काय चालले आहे हे ओळखतो, आणि ते ओळखता येते कारण आयुष्यभर त्याने मोठ्या जनावरांकडे लक्ष ठेवण्याशिवाय दुसरे काही केलेले नाही. भीतीतून ज्ञान कसे येते याची इतकी नेमकी मांडणी दुसरीकडे मिळणे कठीण. अमेरिकेतल्या गुलाम आफ्रिकी लोकांनी जोपासलेला ब्रेर रॅबिट याच बुद्धीचा. दुबळ्यांनी ससा निवडला हा योगायोग मानता येत नाही. पालीतल्या दद्दभ जातकाने याची दुसरी बाजूही सांगून ठेवली. बेलफळ पडल्याचा आवाज ऐकून ससा पृथ्वी फुटली म्हणून धावतो आणि सारे रान त्याच्यामागे धावते. भीती तपासली नाही की तिची अफवा होते, हे फोनवर रोज येणारे संदेश पाहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आणखी एक जातक या पुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. शशजातकात ससा अतिथीला देण्यासारखे आपल्याजवळ काही नाही म्हणून स्वतः अग्नीत उडी घेतो. अतिथी झालेला शक्र, म्हणजे इंद्र, त्याला वाचवतो आणि त्याची आकृती चंद्रावर काढून ठेवतो. आर्यशूराच्या जातकमालेत ही कथा संस्कृतात आली. सातव्या शतकात भारतात आलेल्या चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांगने वाराणसीच्या परिसरातला या कथेशी जोडलेला स्तूप नोंदवला. पुढे जपानच्या 'कोंजाकु मोनोगातारी' या जुन्या कथासंग्रहात ती सापडते. चीनमध्ये चंद्रावर ससा पाहण्याची स्वतःची जुनी परंपरा होती, त्यामुळे सगळे धागे इथूनच निघाले असे म्हणता येणार नाही. पण एक जाड धागा नक्की इथला आहे. आणि तो धागा 'एंडवॉकर'मध्ये पोचलेला दिसतो. त्या विस्तारात चंद्रावर राहणारे लोपोरिट नावाचे बुटके, गोल, सशासारखे जीव भेटतात. जगाचा नाश आला तर माणसांना घेऊन दूर जाण्यासाठी चंद्र सज्ज ठेवणे हे त्यांचे काम. माणसे काय खातात याची त्यांची माहिती इतकी कच्ची की त्यांनी गाजरांचीच तजवीज करून ठेवलेली असते. विनोदी पात्रे आहेत, पण पाहुण्यासाठी झिजणारा जातकातला ससा त्यांच्यात ओळखू येतो. खेळाडूला मात्र लोपोरिट होता येत नाही. ते संगणकाच्या हातातले पात्र, एनपीसी. खेळायला मिळतात ते व्हिएरा. एकाच गेमने सशाचे दोन भाग केले: रूप आणि शौर्य खेळाडूला, भीती आणि दातृत्व यंत्राला.

मराठीपुरते बोलायचे तर सशाची सर्वांत थोर गोष्ट लीळाचरित्रात आहे. वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात गेले की रिद्धपूर लागते. महानुभाव पंथाचे ते मोठे स्थान, आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही आले आहे. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या तेराव्या शतकात म्हाइंभटांनी जमवलेल्या आठवणी म्हणजे लीळाचरित्र. त्यातला एक प्रसंग असा: कुत्री मागे लागलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो, पारधी येऊन आपली शिकार मागतात आणि स्वामी शरण आलेल्याला देत नाहीत. ते शस्त्र उचलत नाहीत. पंचतंत्रातला ससा हुशार आहे, जातकातला त्यागी आहे. लीळाचरित्रातला ससा यातले काहीच नाही. तो फक्त घाबरलेला आहे आणि कोणाकडे पळावे हे त्याने बरोबर ओळखले आहे. त्याच्या अंगी दुसरा कुठलाही गुण असण्याची अट घातलेली नाही. मला ही कथा गेम रचणाऱ्यांच्या टेबलावर ठेवावीशी वाटते ती या कारणाने. आश्रय मागणे ही चाल बहुतेक गेममध्ये नसतेच. मारणे, वाचणे, बरे करणे, विकणे, सगळ्याला बटण आहे.

यावर पहिला आक्षेप गेम जाणणाराच घेईल. दिवसभर परीक्षा, शिकवणी, नोकरीचे अर्ज यांनी दबलेला मुलगा रात्री तासभर खेळतो तो ताकद अनुभवायला. त्याला पुन्हा घाबरवून काय साधायचे? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. लपून, आवाज न करता, शत्रूची नजर चुकवून पुढे जाण्याचे गेम लोक वर्षानुवर्षे आवडीने खेळत आले आहेत, भयकथांचे गेम तर पैसे देऊन खेळतात. 'बनीज अँड बरोज' पन्नास वर्षांनीही विस्मरणात गेलेला नाही. भीती नकोशी होते ती तिच्यावर काही करता येत नसेल तेव्हा. करण्याजोगे काही दिले, ऐकणे, हुंगणे, इशारा देणे, फसवणे, कोणाच्या तरी मांडीखाली जाणे, की तीच भीती खेळ होते. कबड्डीत एकटा चढाई करणारा सात जणांच्या अंगणात शिरतो तेव्हा दुसरे काय असते?

दुसरा आक्षेप अधिक नाजूक. जपानी गेममध्ये भारतीय ससा शोधणे म्हणजे सगळे आमच्याकडूनच गेले असे म्हणण्याचा प्रकार नाही का? या पुस्तकातल्या लेखांनी तो मोह टाळला आहे. व्हिएरांच्या मागे जातक आहे असा दावा इथे कोणी केलेला नाही; त्यांच्या मागे शिकागोचा क्लब आहे, आधुनिक जपानी चित्रकला आहे आणि परक्या जंगलांविषयीचे शहरी आकर्षण आहे. संबंध लोपोरिटांपुरता आहे आणि तोही अनेक धाग्यांपैकी एकाचा. शिवाय कथा जिथे जाते तिथली होते. जपानी मुलाला चंद्रावरचा ससा 'मोची' हा तांदळाचा पदार्थ कुटताना दिसतो, आणि तो त्याचाच असतो.

तिसऱ्या मुद्द्याला मी आक्षेपाहून अधिक मानतो. सशाची बाजू घेतली की पारधी आपोआप खलनायक ठरतो. पारधी समाजाच्या अनेक गटांवर 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण विदर्भातल्या पारधी बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, संशयाने येणारी पावले थांबली असे कोणी म्हणणार नाही. जो समाज फासे लावून पोट भरत होता तोच कायद्याच्या फाशात सापडला आणि सशासारखा कान टवकारून जगू लागला. जन्मावरून स्वभाव ठरवणे ही ज्या कायद्याची रीत होती, तीच जुन्या रोल-प्लेइंग गेमची होती: हे कूळ म्हणजे क्रूर, ते कूळ म्हणजे चोर. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने 2020 पासून कुळाशी बांधलेले गुण सैल केले आणि 2024 च्या नियमपुस्तकात 'रेस' हा शब्दच काढून टाकला. तिकडे हा वाद वंशवादाच्या अंगाने झाला; आपल्याकडे तो जातीच्या अंगाने व्हायला हवा. दुसऱ्याच्या जन्मात शिरून बोलण्याची वाट आपल्याला नवी नाही. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांत महाराच्या तोंडून जोहार घातला. सोंग घेणाऱ्याने सोंगापुरते का होईना दुसऱ्याचे ओझे उचलावे, ही अपेक्षा त्यात आहे. ओझे न उचलता नुसते कान लावणे हे त्यामानाने फारच स्वस्त सोंग.

हे सगळे आत्ताच का? कारण खेळ आता शहरांपुरता राहिलेला नाही. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटपासून आर्वीपर्यंत मुलांच्या हाती तोच फोन आहे जो पुण्या-मुंबईच्या मुलांच्या हाती आहे, आणि त्यात येणारी जगे बाहेर रचलेली आहेत. 2025 च्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली; म्हणजे जुगार आणि खेळ यांतला भेद निदान कागदावर झाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' हा गेम आणून भारतीय पुराणकथांवर उभा राहिलेला गेम जगभर खेळला जाऊ शकतो हे दाखवले. तरीही आपल्याकडे गेमविषयीचे बहुतेक लेखन एक तर व्यसनाविषयी असते किंवा करिअरविषयी. गेममध्ये काय आहे, ते तसे का आहे, याची समीक्षा मराठीत फार कमी होते. वर्ध्यात ती व्हावी याला थोडा इतिहास आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये इथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली: मुलाने वस्तू करत करत शिकावे. सूत कातणे आणि गेम रचणे यांत अंतर आहे हे मान्यच, आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमाच्या शिस्तीत पडद्याला कितपत जागा मिळाली असती याविषयी शंका घ्यायलाही हरकत नाही. पण दुसऱ्याने केलेले नुसते वापरत बसू नये, हा त्या योजनेतला आग्रह गेमला लावून पाहण्यासारखा आहे.

पुस्तकातले लेख या वाटेने जातात, सरळ रेषेत मात्र नाही. काही लेख निव्वळ गेमचे आहेत आणि ज्याने कधी पात्र बनवले नाही त्यालाही समजावेत अशा बेताने लिहिले आहेत. काही सशाच्या कथांचे आहेत. त्यांत पाठभेदांची चर्चा ठेवली आहे, कारण लहान मुलांसाठी गुळगुळीत केलेल्या आवृत्त्यांनी या कथांतले दात काढून टाकले. रानसशावरचा लेख मुद्दाम मध्यभागी घातला आहे. व्हिएरांविषयी लेखकांत एकमत नाही. एकाला ते बाजारू वाटतात, दुसरीला त्यांच्या हद्दपारीच्या कथेत गाव सोडून शिकायला गेलेल्या मुलींची गोष्ट दिसते. दोन्ही लेख शेजारी ठेवले आहेत आणि संपादनात त्यांचा समेट घडवलेला नाही. मोबाइलवरच्या असंख्य छोट्या गेममधल्या सशांना जागा दिलेली नाही, ते बहुतेक धावतात आणि नाणी गोळा करतात, त्यावर लिहिण्यासारखे फारसे नाही. शेवटी टेबलावर खेळायच्या एका लहान खेळाचे नियम दिले आहेत. जागा तुरीचे शेत, वेळ रात्रीची, साहित्य दोन फासे आणि कागद. त्यात ससा होता येते, राखणीला बसलेला शेतकरी होता येते आणि पारधीही होता येते. कोणाच्याही वाट्याला जन्मजात गुण नाहीत, फक्त कोणाकोणापासून जपायचे याची यादी प्रत्येकाची वेगळी आहे. शेतकऱ्याच्या यादीत रानडुक्कर आणि सावकार दोघेही आहेत. तीन ते सहा जणांना पुरेल असा हा खेळ आहे. शरण मागण्याचा नियम अजून कच्चा आहे; आश्रय देणाऱ्याला त्याची किती किंमत मोजावी लागावी यावर लेखकांचे जमले नाही, म्हणून तिथे दोन पर्याय छापले आहेत.